पहिली पायरी, नापास

माधव नगर, उज्जैन
मंगळवार, ९ सप्टेंबर २०२५

प्रिय रुचिर,

अनेक आशीर्वाद. मामा-मामींना नमस्कार सांग. मामींचा गुडघा आता कसा आहे? आम्ही इथे सगळे मजेत आहोत, म्हणजे पत्राच्या पहिल्या ओळीत माणसं असतात तेवढे.

गणपती शनिवारी गेले. महाराष्ट्र समाजात यंदा मुलांची गर्दी बरी होती. आरत्या मराठीत आणि भांडणं हिंदीत. आईने मोदक केले, पण विसर्जनाच्या दिवशी दाल-बाफलेच, कारण तिच्या जावयाच्या, अनिकेतच्या मते त्याशिवाय बाप्पा माळव्यातून हलत नाहीत. आता पितृपक्ष लागला. राम घाटाकडे बाहेरगावच्या गाड्यांची रीघ आहे, त्यात सिंहस्थासाठी रस्ते खणून ठेवलेले. कॉलेजला अनिकेतच सोडतो मला. माझी स्कूटी विकून टाकली आम्ही, सारखं काही ना काही काम निघत होतं तिचं.

हे ईमेलने येईल, पण वाचताना पत्र समजून वाच. कामाच्या चॅनेलवर मी लिहिलं की ते जगभरचे लोक वाचतात. तिथे मी 'मुक्ता, ॲक्सेसिबिलिटी टेस्टिंग' असते आणि तू रिलीज मॅनेजर. तू माझा मामेभाऊ आहेस हे तिथे कोणाला ठाऊक नाही, ते बरंच आहे. फोनवर तू घाईत असतोस. आणि मला हे मराठीतच सांगायचं होतं.

रविवारी मी जो बग 'रिलीज थांबवणारा' म्हणून नोंदवला, त्यावरून तू चिडला आहेस. साहजिक आहे. दीड वर्ष नोकरी सोडून तू या आवृत्तीवर बसला आहेस. येत्या सोमवारी त्या मोठ्या वितरणात कोणते प्रोग्राम जाणार ती यादी बंद होते; आपल्या मोफत प्रोग्रामची, ओसरीची नवी आवृत्ती तोवर बाहेर पडली तर शाळा-शाळांमधल्या कॉम्प्युटरवर ती आपोआप जाईल, नाही पडली तर पुढचे सहा महिने जुनीच. हे सगळं मला माहीत आहे. तरीही मी तो बग टाकला. तू खाली लिहिलंस, "चाचणीची ही पायरी तुझ्याच नावावर पास आहे. तुझ्या मशीनवर आवाज येत होता ना?" त्याला मी अजून उत्तर दिलेलं नाही. सगळ्यांना ते दिसतंय.

उत्तर देते. पण आधी अहल्याताईंकडे काय झालं ते ऐक, कारण नोंदीत मी फक्त तीन ओळी लिहिल्या आहेत.

अहल्याताई तुला आठवत असतील. फ्रीगंजला राहतात, मागच्या दिवाळीत तुला आग्रहाने दोन ताटं वाढली होती त्या. मुलींच्या कॉलेजात हिंदी शिकवायच्या. दृष्टी जाऊन वीस वर्षं होत आली. ओसरीला पहिल्यांदा मराठी आवाज बसवला तेव्हापासून त्या ती वापरतात. आपण हे कशाला करतो, असं मला कोणी विचारलं (अनिकेत विचारतो, "फोकट का काम और टेन्शन असली") की मी त्यांचं नाव सांगते. कॉम्प्युटर उघडल्यावर समोर जे जे दिसतं ते कोणालाही विकत न घेता मिळावं, उघडून बघता यावं, बिघडलं तर दुरुस्त करता यावं, आणि ज्याला दिसत नाही त्याला ते ऐकू यावं. एवढंच तर आपलं काम आहे.

मीच त्यांच्याकडे नवी चाचणी-आवृत्ती घालून आले होते. शुक्रवारी दुपारी त्यांचा फोन आला.

"मुक्ता, तुझी ओसरी रुसलीय माझ्यावर. चकार शब्द बोलत नाही."

"आवाजाची बटणं दाबलीत का?"

"दाबली. सगळीच दाबली. आता फक्त डोकं आपटायचं राहिलंय."

अनिकेतला घेऊन गेले. तोवर वरच्या मजल्यावरची भाडेकरीण प्रतिभा येऊन बसली होती आणि कॉम्प्युटर उघडलेला होता. पासवर्ड तिने टाकून दिला होता. आत गेल्यावर आवाज सुरू, अगदी ठणठणीत. मुकी होती ती फक्त पासवर्ड विचारणारी पहिली स्क्रीन.

"पासवर्ड सांगावा लागला हिला," अहल्याताई म्हणाल्या. "मोठ्याने. दोनदा. आमच्या जुन्या प्राचार्यांच्या नावापुढे मी काय लावलंय ते आता सगळ्या बिल्डिंगला कळेल."

"ताईजी, मैं किसी से नहीं कहूँगी," प्रतिभा म्हणाली. "वैसे मैंने भी उन्हीं से पढ़ा है. लगाया आपने सही है."

आम्ही खूप हसलो. प्रतिभा वर गेली, अनिकेत गाडी वळवायला खाली गेला. मग अहल्याताई म्हणाल्या, "हसलो, झालं. पण सुरुवातीला मला वाटत होतं माझंच चुकतंय. मग वाटलं, कान गेले. खरंच गं. स्पीकरला कान लावून बसले. शेवटी रेडिओ लावला. तो बोलला तेव्हा जीव भांड्यात पडला."

तू सुचवलेला उपाय मी काल त्यांना फोनवर सांगितला. पासवर्ड न विचारता कॉम्प्युटर थेट उघडेल असं सेटिंग करायचं, आणि तसं रिलीजच्या टिपणात लिहायचं.

"म्हणजे ज्यांना दिसतं त्यांनी कुलूप लावायचं आणि मी दार सताड उघडं टाकून बसायचं? वा रे न्याय! आणि ते टिपण वाचायला मी आत कशी जाऊ, खिडकीतून?"

यावर तुला उत्तर सुचलं तर कळव.

आता ही मुकी स्क्रीन सगळ्यांच्या नजरेतून सुटली कशी? तुझी मशीनं दिवसातून अनेकदा पुसून नव्याने भरली जातात, दर वेळी पासवर्ड कोण टाकत बसेल, म्हणून ती थेट उघडतात. आपल्याबरोबर चाचणी करणाऱ्या ब्राझीलच्या मुलीचं तसंच. सगळ्यांचंच तसं. आपल्यातला कोणीही त्या दारात उभाच राहत नाही, सगळे थेट घरात. म्हणूनच तर आपल्या चाचणीच्या यादीत पहिली पायरी लिहून ठेवली आहे: 'थेट उघडण्याचं सेटिंग बंद करा, कॉम्प्युटर सुरू करा, पासवर्डच्या स्क्रीनवर आवाज येतो का ते ऐका.' ती ओळ दोन वर्षांपूर्वी मीच घातली. तिच्यापुढे 'पास' मीच लिहिलं. आणि माझंही मशीन थेट उघडत होतं. सेटिंग बंद केलंच नव्हतं मी. मागच्या दोन आवृत्त्यांत आवाज येत होता, तेव्हा याही वेळी येत असणार, असं धरून चालले.

तू मला ओळखतोस. मी स्वयंपाकघरातल्या डब्यांवर तारखा चिकटवणारी बाई. तू पहिल्यांदा माझं नाव या कामाला सुचवलंस तेव्हा लिहिलं होतंस, 'हिने पास म्हटलं की पुन्हा बघायला नको.' मग मी असं का केलं?

परवा चॅनेलवर उत्तर म्हणून लिहायला घेतलं होतं: 'वेळ कमी होता.' खोटं. पुसलं. मग लिहिलं, 'मनगट दुखतं, वारंवार पासवर्ड टाकवत नाही.' मनगट खरंच दुखतं, पण तेही खोटं. पुसलं.

रुचिर, मला ती स्क्रीन दिसत नाही.

तू निवडलेलं ते गडद चित्र, त्याच्यावरची ती राखाडी बारीक चौकट. सगळ्यांनी सुंदर म्हटलं होतं. मला ती चौकट सापडायचीच नाही. पेरभर जागा दिसायची, तिथून डोळे सरकवत सरकवत शोधायचं, तोवर कर्सर कुठे गेला ते हरवायचं. म्हणून मार्च महिन्यात मी माझं मशीन थेट उघडणारं करून टाकलं. आत गेल्यावर मोठी अक्षरं आणि पिवळ्यावर काळं असं लावून घेतलं आहे, तिथे निभतं.

इंदूरच्या डॉक्टरांनी सांगून दोन वर्षं होतील. रेटिनाचा आजार आहे, बाजूचं दिसणं आधी जातं, अंधारातलं त्याच्याही आधी, आणि मधलं हळूहळू. औषध नाही. स्कूटीचं काही काम निघत नव्हतं. मी टॉवर चौकात एका आजोबांना धडक देता देता राहिले, त्या दिवशी किल्ली अनिकेतच्या हातात दिली. त्याला माहीत आहे. आईला नाही. कॉलेजात नाही. मी रोज डायरी लिहिते, तुला माहीत आहे. तिच्यातसुद्धा मी 'चष्म्याचा नंबर', 'आज डोळे थकले', असलंच काहीतरी लिहीत आले. स्वतःच्या डायरीत इतकी सभ्यता कशासाठी, कोण जाणे.

आणि आता जे सगळ्यात अवघड आहे ते. मार्चमध्ये त्या स्क्रीनपुढे अडले तेव्हा एक सरळ उपाय होता. आवाज सुरू करायचा. दोन बटणं दाबायची. ती बटणं कोणती हे सगळ्या ओसरीत माझ्याइतकं कोणाला पाठ असेल? इतक्या लोकांना शिकवली आहेत. पण स्वतःसाठी ती दाबायला माझा हात झाला नाही. चाचणीसाठी आवाज लावणं वेगळं, आणि आपल्याला आत जायचंय म्हणून लावणं वेगळं. त्या दिवशी दाबली असती तर कळलं असतं की आवाज येत नाही. पावसाळ्याच्या आधीच तू तो बग मिटवला असतास, आणि आज कोणाचं काही अडलं नसतं.

गुरुवारी रिलीज सोडायचं की थांबवायचं, गो की नो-गो, याची बैठक आहे. दिलेला 'पास' मागे घ्यायचा तर कारण उघड नोंदवावं लागतं, दुसऱ्याला तेच करून पाहता येईल असं. 'वैयक्तिक कारण' चालत नाही, हा आपलाच नियम. तेव्हा वर लिहिलं आहे ते मी उद्या नोंदीत लिहिणार. थोडक्यात, पण खरं. कॉलेजातलं कोणीही शोधलं तर त्याला दिसेल, आणि माझी नेमणूक दर वर्षी नव्याने होते हे तुला ठाऊक आहे. ते मी बघून घेईन.

तुला विचारत नाहीये, आधी सांगते आहे. तुला हे परक्या लोकांसोबत वाचावं लागू नये, एवढ्यासाठी.

आईला आज संध्याकाळी सांगते. तू मामींना सांगितलंस तरी चालेल, पण रडू देऊ नकोस, त्यांचं बीपी वाढतं.

तुझी,
पहिल्या पायरीवर खोटं 'पास' लिहिलेली,
मुक्ताताई


माधव नगर
बुधवार, १० सप्टेंबर

प्रिय रुचिर,

तुझे फोन आले ते मी उचलले नाहीत. रागाने नाही. तुझा आवाज ऐकला असता तर मी कबूल झाले असते, म्हणून.

मेसेज वाचला. खरं तर ऐकला. आजपासून घरात सगळं आवाजावर लावलं आहे. त्या आवाजातली बाई तुझे शब्द इतक्या कोरडेपणाने वाचते की 'ताई गं' हे तिच्या तोंडी पत्त्यासारखं वाटतं. पण तू ते कसं म्हणाला असशील, ते मला ठाऊक आहे.

तू म्हणतोस, "तू फक्त 'पायरीची भाषा संदिग्ध होती' एवढं लिही. मी मान्य करतो. तुझे डोळे, तुझं कॉलेज, काहीच मधे येणार नाही. रिलीज गुरुवारी जाऊ दे, दोन आठवड्यांत मी दुरुस्ती काढतो." तुझ्या माझ्यावरच्या मायेची मला शंका नाही. त्यात तुझंही काम होतं, म्हणून ती माया खोटी ठरत नाही. मी सकाळभर याच्यावर विचार केला. मोह झाला. अगदी वाक्य इंग्रजीत तयारही केलं.

पण बघ काय होईल. मी 'भाषा संदिग्ध' लिहिलं तर आपले लोक काय करतील? भाषा सुधारतील. प्रामाणिक माणसं आहेत, तासाभरात ती ओळ घासूनपुसून चकाचक करतील. आणि सगळ्यांची मशीनं आत्तासारखीच थेट उघडत राहतील. त्या ओळीची भाषा स्वच्छ होती, रुचिर. मी ती पाळली नाही. न पाळता पुढे जाता आलं, आणि कोणाच्या लक्षात आलं नाही. दुरुस्त करायचं आहे ते हे. खोट्या कारणातून खोटीच दुरुस्ती निघते.

दोन आठवड्यांच्या दुरुस्तीचंही तसंच. शाळेतल्या कॉम्प्युटरवर एकदा जे बसतं ते वर्षानुवर्षं तसंच राहतं, हे तूच भाषणांतून सांगत असतोस. तिथे दुरुस्ती कोण घालणार? अहल्याताईंना मी तरी आहे, प्रतिभा आहे. एखाद्या शाळेत न दिसणारी मुलगी त्या मुक्या स्क्रीनपुढे बसली, तर तिला पहिल्यांदा हेच वाटेल की आपलं चुकलं.

आईला सांगितलं. तुला वाटलं असेल ती रडेल. ती भडकली.

"दोन वर्षं? आणि मी सुईत दोरा ओवून मागायचे तेव्हा 'आले हं, फोन वाजतोय' म्हणून पळायचीस ती यासाठी?"

"आई, तुला काळजी नको म्हणून."

"माझी काळजी तू करू नकोस. जावयाला माहीत, डॉक्टरला माहीत, उद्या तुझ्या त्या ओसरीवरच्या इंग्रजांना माहीत होणार. मीच तेवढी परकी!"

"त्यात इंग्रज एकच आहे."

"गप बस. जेवलीस का?"

मग तिने वाढलं. वाटी कुठे, चटणी कुठे, हे ती ताटात हात धरून दाखवू लागली. मी म्हटलं, अजून दिसतं मला एवढं. ती म्हणाली, "मला सवय व्हायला नको?" मला जेवण जात नव्हतं, पण तिच्यासमोर संपवलं.

दुपारी नोंद टाकली. पाच वाक्यं आहेत. पाठवायच्या आधी आवाजाकडून पुन्हा पुन्हा वाचून घेतली. त्यात माझी कीव येईल असा एक शब्द होता, तो काढला. तू आत्तापर्यंत वाचली असशीलच.

उद्या बैठकीत माझी पाळी आली की तू नेहमीसारखंच विचार. मधे काही समजावू नकोस. आणि नोंदीवर मी तुझी कोण हेही लिहू नकोस; तुझ्या बाजूने किंवा माझ्या बाजूने, कशासाठीही नको.

रागव. पण जेव वेळेवर.

उद्या 'नो-गो' म्हणणार आहे ती,
मुक्ताताई


माधव नगर
रविवार, १४ सप्टेंबर

प्रिय रुचिर,

बैठकीनंतर तू काही बोलला नाहीस. मी वाट पाहिली. मग म्हटलं, आपणच लिहावं.

गुरुवारची बैठक मी पहिल्यांदाच सगळी आवाजावर ऐकली. आधी वाटायचं चॅटवर शांतता असते. नसते. कोण आलं, कोण गेलं, कोण लिहितंय, ती बाई सगळं सांगत राहते. राम घाटावरच्या लाउडस्पीकरची आठवण झाली. तू क्रमाने विचारत गेलास. भाषांतर, गो. चित्रं, गो. पॅकेजिंग, गो, आणि त्याच्यामागून त्या पॅकेजिंगवाल्याने लिहिलं, की एका गावातल्या एका बाईसाठी सगळ्या जगाने थांबायचं का. त्याला उत्तर मी देणार होते, पण ब्राझीलच्या मुलीने आधीच दिलं. तिने सकाळी तिच्याकडचं थेट उघडणं बंद करून पाहिलं होतं. तिच्याकडेही स्क्रीन मुकी. मग आणखी तिघांनी तेच लिहिलं. त्यांच्यातल्या कोणाकडे माझ्यासारखं कारण नव्हतं, सगळ्यांनी कंटाळा म्हणूनच तसं ठेवलं होतं. ते त्यांनी तितक्याच सरळपणे कबूल केलं.

मग तू लिहिलंस, "ॲक्सेसिबिलिटी?"

मी नो-गो लिहिलं. बाईने माझं नाव घेऊन ते मलाच वाचून दाखवलं. त्यानंतर ती बराच वेळ फक्त 'रुचिर लिहीत आहे' एवढंच म्हणत राहिली. थांबायची, पुन्हा म्हणायची. तू काय काय लिहून पुसलंस ते तुलाच ठाऊक. शेवटी आलं ते इतकंच, की रिलीज थांबवलं आहे, यादी चुकेल, पुढची तारीख नंतर कळवू.

तुझं दीड वर्ष मी अडवलं, हे मी जाणून आहे. त्याबद्दल मी क्षमा मागणार नाही, कारण तीच वेळ पुन्हा आली तर मी तेच लिहीन, आणि पुन्हा करायच्या गोष्टीची क्षमा मागणं म्हणजे नाटक. मार्चमध्ये दोन बटणं दाबली नाहीत आणि न ऐकता 'पास' लिहिलं, त्याची मात्र मागते. तेवढं मी तुझं देणं लागत होते.

कॉलेजची बातमी अशी. श्रीनाथ सरांकडे शुक्रवारी गेले. ते आमचे प्राचार्य, तसे भले आहेत. म्हणाले, "मैडम, अभी लिखकर मत दीजिए. लिखा हुआ ऊपर जाता है. चल रहा है, चलने दीजिए." मी म्हटलं, सर, चल नहीं रहा. फळ्यावर मी लिहिते त्याच्यावरच पुन्हा लिहिते, मुलं कुजबुजतात आणि वहीत समजून उतरवून घेतात. त्यांचं संख्याशास्त्र यात बिघडायला नको. मी लेखी दिलं. प्रोजेक्टर आणि आवाजाचा कॉम्प्युटर मागितला आहे, दिव्यांग प्रमाणपत्रासाठी अर्ज केला आहे. पुढच्या वर्षी ठेवतील की नाही, सर डोळ्याला डोळा देऊन सांगू शकले नाहीत; निदान मला तसं वाटलं, कारण त्यांचे डोळे कुठे होते ते मला नीट दिसलं नाही. भीती वाटते. पण ती आता कामाच्या वेळी मधे येत नाही, कॉलेजातून आल्यावर येते आणि आई तिला चहा देते.

अहल्याताई विचारत होत्या, "तुझा तो भाऊ बोलला का?" मी म्हटलं नाही. "बोलेल. आमच्या जुन्या प्राचार्यांसारखा नाहीये तो. त्याचं नाव मी पासवर्डात घातलेलं नाही अजून."

आता कामाचं.

काल तुझी दुरुस्ती आली. सोबत एक शब्द नाही, नुसती फाइल. तुझ्या रागाची मला हरकत नाही, फाइल आली हे महत्त्वाचं. आज सकाळी बसवली. थेट उघडण्याचं सेटिंग बंद केलं आणि मॉनिटरची वायरच काढून ठेवली, अनिकेत म्हणाला, "टीव्ही का वायर भी निकाल दूँ?" काढू दिली नाही. कॉम्प्युटर सुरू केला. दोन बटणं दाबली.

आवाज आला, रुचिर. माझं नाव घेतलं तिने आणि पासवर्ड विचारला.

मग मुद्दाम चुकीचा पासवर्ड टाकला. एंटर दाबलं. काही नाही. ती गप्प. चुकला म्हणाली नाही, पुन्हा टाका म्हणाली नाही. मी पुन्हा चुकीचा टाकला, पुन्हा गप्प. ज्याला दिसत नाही त्याला कळणारच नाही की आपण आत गेलो, की दारातच आहोत. वायर लावून बघायला सांगितलं अनिकेतला. त्याने वाचून दाखवलं, लाल अक्षरांत सगळं लिहून येतंय. म्हणजे संदेश आहे, पण तो आवाजापर्यंत पोचत नाही. कसं घडवून आणायचं ते नोंदीत लिहिलं आहे, माझं मशीन, माझी बटणं, सगळं क्रमाने.

तेव्हा पहिली पायरी, नापास.

बाकीच्या पायऱ्या मी पाहिलेल्या नाहीत. पहिली पास झाल्याशिवाय पाहणार नाही. दुरुस्त करून पाठव. मी कॉम्प्युटरपुढेच आहे.

तुझीच,
मुक्ताताई,
ॲक्सेसिबिलिटी टेस्टिंग